टीईटीचा निकाल, अल्पसंख्याक शाळा आणि आपल्या मुलांचे मास्तर

जुम्म्याची नमाज झाली की मोहाडीत मशिदीबाहेर लोक दहा-पंधरा मिनिटे उभे राहून बोलतात. या दिवसांत बोलणे धानाच्या चुरण्याचे आणि भावाचे असते. पण गेल्या काही जुम्म्यांपासून आमच्याभोवती वेगळाच घोळका जमतो. एका पालकांनी थेट विचारले, "सर, आपकी नोकरी जाएगी क्या?" त्यांचा मुलगा पाचवीत आहे, आवाजात काळजी होती. आम्ही उत्तर जुळवत होतो तोवर मागून दुसऱ्याने विचारले, "और जो इम्तिहान पास नहीं, वो अब तक हमारे बच्चों को पढ़ाता कैसे था?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. दुसऱ्याचे उत्तर आम्हा शिक्षकांना द्यायचे आहे. दोन्हींवर व्हॉट्सअॅपवर इतके उलटसुलट फिरते आहे की नीट मांडणी करणे गरजेचे वाटले. हे लिहिताना आम्ही तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. आमची नेमणूक टीईटीची अट येण्याआधीची, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी बाकी आणि शाळा अल्पसंख्याक नाही. म्हणजे निकालाचा फटका ज्यांना बसतो, त्यांच्यातलेच आम्ही एक.

कोर्ट नेमके काय म्हणाले?

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या खंडपीठाने हा निकाल दिला. प्रकरणाचे नावच आपल्या समाजाशी जोडलेले आहे: अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्यासोबत इतर राज्यांतली प्रकरणेही होती. प्रश्न मुख्यत्वे दोन होते. कायदा येण्याआधी नेमलेल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी बंधनकारक आहे का? आणि अल्पसंख्याक शाळांनाही ती लागू होते का?

पहिल्याचे उत्तर कोर्टाने 'हो' असे दिले. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे, त्यांनी निकालापासून दोन वर्षांत, म्हणजे ऑगस्ट 2027 अखेर, टीईटी पास व्हायचे. नाही झाले तर नोकरी सोडावी लागेल किंवा सक्तीने निवृत्त केले जाईल. नियमाप्रमाणे सेवा भरलेली असेल तर निवृत्तीचे लाभ मिळतील. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरली आहे, ते टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत शिकवू शकतात, पण त्यांना बढती मिळणार नाही. नववी-दहावीला शिकवणारे या कक्षेत येत नाहीत, कारण शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयोगटापुरता आहे.

दुसऱ्या प्रश्नाचा निर्णय झालेलाच नाही. 2014 मध्ये प्रमती प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले होते की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, मग त्या अनुदानित असोत की विनाअनुदानित. आताच्या खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि विषय मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. तो निर्णय येईपर्यंत अल्पसंख्याक शाळा, धार्मिक असोत वा भाषिक, या आदेशातून बाहेर आहेत.

आता अफवांकडे बघा. एक मेसेज म्हणतो, "उर्दू शाळांना कायमची सूट मिळाली." चूक. सूट तात्पुरती आहे आणि ती उर्दू माध्यमाला नाही, अल्पसंख्याक दर्जाला आहे. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतला शिक्षक या आदेशात येतोच. दुसरा मेसेज म्हणतो, "मुसलमान शाळा बंद करण्याचा हा डाव आहे." तेही चूक. आदेशाखाली येणारे बहुसंख्य शिक्षक जिल्हा परिषदा, नगरपरिषदा आणि सर्वसाधारण खाजगी संस्थांचे आहेत, सगळ्या जाती-धर्मांचे. आणि सूट मिळालेल्यांत सिंधी, गुजराती अशा भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळाही आहेत. हा हिंदू-मुसलमान प्रश्न करून टाकला तर नुकसान आपलेच होईल.

शिक्षकांची तक्रार खरी आहे

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला. टीईटीची अट राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने आली. त्याआधी जे डी.एड., बी.एड. करून रीतसर नेमले गेले, त्यांनी त्या वेळच्या सगळ्या अटी पूर्ण केल्या होत्या. वीस वर्षे शिकवल्यावर त्यांना सांगितले जाते की आता दोन वर्षांत पास व्हा, नाहीतर घरी जा. राग येणारच. 5 डिसेंबरला संघटनांनी राज्यभर शाळा बंद ठेवून आंदोलन केले, ते याच रागातून.

या तक्रारीतला सर्वांत वजनदार मुद्दा मात्र फारसा बोलला जात नाही. टीईटी वर्षातून किमान एकदा घ्यावी, असे 2011 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच आहे. महाराष्ट्रात काय झाले? पहिली परीक्षा डिसेंबर 2013 मध्ये झाली. पुढे नोव्हेंबर 2021 ची परीक्षा झाल्यावर थेट 10 नोव्हेंबर 2024 उजाडला. 2022 आणि 2023 अशी दोन वर्षे परीक्षाच नाही! ज्याला पास व्हायचे होते त्याने तरी काय करायचे? त्यात 2021 च्या डिसेंबरमध्ये टीईटीचा घोटाळा उघड झाला, परीक्षा घेणाऱ्या परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि गैरप्रकारात सापडलेल्या साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ज्या परीक्षेच्या पावित्र्याचा असा पंचनामा झाला, तिच्यावर कुणाची पूर्ण रोजीरोटी टांगायची असेल तर ती वेळेवर आणि स्वच्छपणे घेणे ही सरकारची पहिली जबाबदारी आहे.

आम्ही 23 नोव्हेंबरला भंडाऱ्याला जाऊन पेपर दिला. राज्यभरातून साडेचार लाखांहून अधिक उमेदवारांनी अर्ज केले होते. आमच्या पुढच्या बाकावर आमचाच एक जुना विद्यार्थी बसला होता. त्याने वळून पाहिले, उठून "सर, नमस्ते" म्हटले आणि आम्हाला बसल्या जागी घाम फुटला. पेपर सुटल्यावर तोच म्हणाला, "सर, तुम्ही शिकवलेलं आलं होतं पेपरात."  पण त्या दिवशी एक गोष्ट कळली. लाज परीक्षेला बसण्यात नव्हती. एवढ्या वर्षांत बालमानसशास्त्राचे पुस्तक आम्ही एकदाही पुन्हा उघडले नव्हते, लाज त्याची होती.

पण मुलाचीही बाजू आहे

मशिदीबाहेरच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आता यावे लागेल. पालक विचारतात, "पास नसलेला माणूस शिकवत कसा होता?" याला "आम्ही आधी नेमलो गेलो" हे उत्तर पुरत नाही. डॉक्टर वीस वर्षे जुना असला तरी नवी औषधे त्याला माहीत असावीत, अशी आपली अपेक्षा असते. मास्तरकडून तीच अपेक्षा का नको?

टीईटी पास म्हणजे चांगला शिक्षक, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दीडशे मिनिटांत दीडशे वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवणे आणि चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात मागे बसणारा मुलगा का बोलत नाही, हे कुठल्याही पर्यायात गोल काळा करून कळत नाही. तरी या परीक्षेत एक भाग असा आहे, जो आपल्या मुलांच्या रोजच्या अडचणीशी भिडतो: 30 गुणांचे बालविकास आणि अध्यापनशास्त्र. त्याचा एक दाखला देतो.

मोहाडी तालुक्यात मुसलमान घरे विखुरलेली आहेत. कामठी-नागपूरसारखी उर्दू शाळांची सोय इथे गावोगावी नाही. आपली पुष्कळ मुले मराठी शाळेत जातात. घरी ती उर्दू-हिंदी बोलतात, गल्लीत झाडीबोली ऐकतात आणि पुस्तकात प्रमाण मराठी वाचतात. गणितात एक उदाहरण येते: "6 मुलांना प्रत्येकी 4 पेन्सिली दिल्या, तर एकूण किती पेन्सिली लागतील?" मूल उत्तर लिहिते, 10. मास्तर म्हणतो, "याला गुणाकार येत नाही." आम्ही त्याच मुलाला जवळ बोलावून विचारले, "छह बच्चे हैं, हर एक को चार-चार पेन्सिल देनी है, कितनी लगेगी?" लगेच उत्तर आले, "चौबीस." मुलाला गुणाकार येत होता. त्याला 'प्रत्येकी' येत नव्हते. चूक गणिताची नव्हती, पण लाल रेघ गणिताच्या वहीत पडली. अशा दहा-वीस रेघा पडल्या की मूल स्वतःच म्हणू लागते, "मुझे गणित नहीं आता."

याचा उपाय महागडा नाही. 'हातचा' म्हणजे घरचे 'हासिल', हे एकदा फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावे. 'वजाबाकी' या शब्दात 'वजा' आणि 'बाकी' हे दोन्ही शब्द अरबी-फारसीतून मराठीत आलेले आहेत, त्यातला 'बाक़ी' तर मूल घरात रोज ऐकते. हे सांगितले की मराठी त्याला परकी वाटत नाही. आणि हा फायदा फक्त मुसलमान मुलांचा नाही. झाडीबोली बोलणारा शेजारचा पोरगाही 'पाणी'ला 'पानी'च म्हणतो. पुस्तकाची भाषा त्यालाही थोडी दूरच आहे. मुलाला जे येते तिथून त्याचा हात धरून पुढच्या पायरीवर न्यायचे, हा विचार रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी मांडला आणि टीईटीच्या अभ्यासक्रमात तो आहे. पाठ करून गुण मिळवण्यापुरता वापरला तर तो कोरडा सिद्धान्त आहे. वर्गात वापरला तर पाचवीतल्या पोराची लाल रेघ वाचते.

कलम 30 ची ढाल कशासाठी?

आता आपल्या संस्थांकडे वळू. संविधानाच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क अनमोल आहे आणि मोठ्या पीठापुढे तो ताकदीने मांडला गेला पाहिजे. शिक्षक कोण निवडायचा, संस्थेचा रंग कसा ठेवायचा, यात सरकारची लुडबुड वाढू नये, ही भीती रास्त आहे.

पण एक प्रश्न आपण आपल्यालाच विचारावा. हा हक्क कुणासाठी मिळाला, संस्थाचालकांसाठी की मुलांसाठी? सूट मिळाली म्हणून एखादी संस्था निश्चिंत झाली, कमी पगारात मिळेल तो उमेदवार वर्गात उभा करू लागली, तर ढाल कलम 30 ची असेल आणि वार आपल्याच मुलांवर होईल. मोठ्या पीठापुढे आपली बाजू सर्वांत मजबूत कधी ठरेल? जेव्हा आपल्या शाळा म्हणू शकतील की सक्ती नसतानाही आमचे शिक्षक पात्रता मिळवतात. कायद्याने मागितले नाही तरी आपण द्यावे, यात कमीपणा नाही. उलट त्यानेच हक्काची इज्जत राहते.

करायचे काय?

शिक्षक भाई-बहिणींसाठी काही कामाच्या गोष्टी.

पेपर एक पहिली ते पाचवीसाठी आहे, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. प्रत्येक पेपर 150 गुणांचा आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. पास होण्यासाठी 60 टक्के, म्हणजे 90 गुण लागतात. राखीव प्रवर्गांना 55 टक्के. अन्सारी, पिंजारी, बागवान अशा ओबीसी बिरादरींतल्या शिक्षकांनी आपली प्रमाणपत्रे आत्ताच तपासून ठेवावीत, अर्ज भरायच्या शेवटच्या रात्री नव्हे. राज्याची परीक्षा मराठीतून तसेच उर्दूतून देता येते. केंद्राची सीटीईटीही चालते, पण तिचा मुख्य पेपर हिंदी-इंग्रजीत असतो, हे लक्षात घेऊन निवड करावी. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालते.

साहित्यासाठी हजारो रुपये भरण्याची गरज नाही. एका खाजगी क्लासवाल्याने आमच्याकडे अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढी फी मागितली आणि हातात दिल्या त्या झेरॉक्सच्या नोट्स. पहिली ते आठवीची बालभारतीची पुस्तके, मराठी आणि उर्दू दोन्ही, संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. विषयज्ञानाचा पाया तिथेच आहे. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा अॅपवरचे साहित्य उघडते. मागच्या प्रश्नपत्रिका परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मिळतात. उर्दू माध्यमाच्या शिक्षकांसाठी जामिया मिल्लिया, अलिगढ मुस्लिम विद्यापीठ आणि हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ या तीन ठिकाणी व्यावसायिक विकासाची स्वतंत्र केंद्रे आहेत. आपल्यापैकी किती जणांनी त्यांना एक पत्र तरी लिहिले? आम्हीही लिहिले नव्हते.

आम्ही चार-पाच शिक्षकांनी रविवारी जोहरनंतर एकत्र बसायला सुरुवात केली आहे. दोघे उर्दूवाले, बाकी मराठीवाले, त्यात दोन हिंदू सहकारी आहेत. पहिला तास जुन्या प्रश्नपत्रिकेचा. दुसऱ्या तासात प्रत्येकाने वर्गातली एक फसलेली गोष्ट सांगायची: कुठे मूल अडले, आपण काय केले, ते का चालले नाही. खरे सांगायचे तर हा दुसरा तासच जास्त कामाचा ठरतो आहे. 'प्रत्येकी'ची गोष्ट तिथेच निघाली आणि एक मराठीवाले सहकारी म्हणाले, "मी अशी किती पोरं नापास केली असतील, देव जाणे."

सरकारकडे मागण्या स्पष्ट असाव्यात. ऑगस्ट 2027 पर्यंत टीईटी वर्षातून किमान दोनदा घ्यावी आणि तारखा आधीच जाहीर कराव्यात. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत मार्गदर्शनवर्ग चालवावेत. अभ्यासाच्या या दोन वर्षांत निवडणूक, मतदारयादी, सर्वेक्षण अशी शाळाबाह्य कामे कमी करावीत. दिवसभर यादी घेऊन दारोदार फिरायचे आणि रात्री बालमानसशास्त्र वाचायचे, हे कुणाला जमते? जुन्या शिक्षकांच्या बाबतीत परीक्षेसोबत वर्गातल्या कामाचेही मूल्यमापन धरावे, ही मागणी संघटनांनी सनदशीर मार्गाने पुढे न्यावी.

पालकांनी आणि मशिदीच्या कमिट्यांनी काय करावे? "सर, आपकी नोकरी जाएगी क्या?" ही आस्था आम्हाला आवडते. पण शाळेत येऊन हेही विचारा: माझ्या मुलाला वाचता येते का? ते कुठे अडते? तुम्ही त्यासाठी काय करता? शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना कायद्यानेच जागा आहे, त्या बैठकीला जा. धान चुरणे चालू असले तरी महिन्यातला एक तास काढा. मदरशाच्या किंवा मशिदीच्या हॉलमध्ये शिक्षकांच्या अभ्यासवर्गाला आठवड्यातून दोन तास जागा दिली, तर तेही सवाबाचेच काम आहे.

सीरतच्या पुस्तकांत बद्रच्या कैद्यांचा प्रसंग येतो. ज्या कैद्यांकडे फिद्या द्यायला पैसा नव्हता, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवायचे आणि सुटका मिळवायची, असे ठरले. हा प्रसंग आपण इल्मची फजिलत सांगताना नेहमी ऐकतो. त्यातली अट मात्र शिक्षक म्हणून आम्हाला आता जास्त जाणवते. मुले शिकली की शिकवणारा सुटणार होता. त्याने किती तास घेतले, याचा हिशेब नव्हता.

टीईटीचे प्रमाणपत्र आम्ही मिळवू, इन्शाअल्लाह. पण ते मिळाले तरी आमची सुटका तेवढ्याने होत नाही. ती तेव्हा होईल, जेव्हा त्या पाचवीतल्या मुलाला 'प्रत्येकी' कळेल आणि तो स्वतःहून पुढचे उदाहरण सोडवील. तोवर दर जुम्म्याला आम्हाला तो दुसरा प्रश्न विचारत राहा. अल्लाह तआला आपल्या मुलांच्या इल्मात आणि शिकवणाऱ्यांच्या मेहनतीत बरकत देवो. आमीन.